मुद्रा खरी, ताम्रपट खोटा : बनावट संकेतस्थळे कशी ओळखावीत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा शाळेच्या जडणघडणीविषयी काही लिहावे, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. इतिहासाच्या शिक्षकाकडून दुसरे काय मागणार? परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांनी अडचणीत असताना फोन केला, त्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण एकाच जातकुळीची निघाली. कोणी नोकरीच्या अर्जाचे शुल्क भरून बसला होता, कोणाच्या वडिलांच्या खात्यातून रक्कम गेली होती, कोणाच्या बहिणीची कागदपत्रे भलत्याच हाती पडली होती. सर्वांच्या मुळाशी एक संकेतस्थळ होते, आणि ते दिसायला अगदी खऱ्यासारखे होते. म्हणून संपादकांची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला.

प्रारंभ स्वतःच्या चुकीपासून करणे योग्य होईल. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एका शिक्षक मित्राकडून आम्हाला एक लिंक आली. केंद्र सरकारच्या एका शैक्षणिक योजनेशी मिळतेजुळते नाव, वर तीन सिंहांची राजमुद्रा, खाली ‘सत्यमेव जयते’, कडेला तिरंगी पट्टी आणि मध्ये सरकती सूचना : लेखनिक, संगणक चालक व वसतिगृह अधीक्षक या पदांसाठी अर्ज मागविण्यात येत आहेत. आम्ही ते पान अर्धा मिनिट पाहिले असेल. ‘पात्र विद्यार्थ्यांनी त्वरित लाभ घ्यावा’ अशी ओळ जोडून ते माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवले आणि परिपाठाला निघून गेलो.

सात जणांनी अर्ज भरले. शुल्क ५९० रुपये होते. सहा जणांना पुढे काहीच कळले नाही आणि त्यांनी तो नाद सोडला. सातवी आमची एक विद्यार्थिनी. डी.एड. झालेली, दोन वर्षे विनाअनुदानित शाळेत राबलेली. तिला ‘आपली निवड झाली आहे’ असा फोन आला. मग कागदपत्र पडताळणीचे २,८५० रुपये, त्यानंतर प्रशिक्षण साहित्याचे ६,२०० रुपये, ‘रुजू झाल्यावर परत मिळतील’ या बोलीवर. शेवटची रक्कम तिच्या आईने बचत गटातून उचलली. नियुक्तिपत्रही आले, त्यावर गोल शिक्का होता. त्या पत्रावरील पत्त्यावर ती प्रत्यक्ष गेली तेव्हा तिथे टायरचे दुकान होते.

हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले. शाळेच्या एका कार्यक्रमानंतर भोजनगृहात ताटे आवरताना तिने सांगितले. आम्ही विचारले, इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, “सर, लिंक तुम्ही पाठवली होती. म्हणून तेव्हा शंका आली नाही, आणि नंतर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगता आले नाही.”

पुढे शोध घेता असे आढळले की, ही क्लृप्ती नवी नव्हती. सर्व शिक्षा अभियान व समग्र शिक्षा यांच्या नावाशी साधर्म्य असलेली संकेतस्थळे नोकरीच्या आमिषाने अर्जदारांकडून पैसे उकळत आहेत, असा जाहीर इशारा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पूर्वीच दिला होता. तो आम्ही वाचलेला नव्हता. खरे सांगायचे तर, वाचला असता तरी त्या सकाळी आठवला असता की नाही, याची शाश्वती आम्हाला देता येत नाही.

गयेचा ताम्रपट

एम.ए.च्या वर्गात आम्हाला साधनचिकित्सा शिकवली गेली. कागद, ताम्रपट वा शिलालेख हाती आला की त्यात काय लिहिले आहे, हे पाहण्याआधी तो कोठून आला, कोणी काढला, तो म्हणतो त्या काळाचा आहे काय, हे तपासावयाचे. त्या वेळी अभ्यासलेले एक उदाहरण या प्रकरणानंतर आम्हाला वारंवार आठवू लागले.

गया येथे समुद्रगुप्ताच्या नावाचा एक ताम्रपट मिळाला. ग्रामदानाचा. जे. एफ. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हा ताम्रपट बनावट ठरवला. गंमत अशी की, त्याला जोडलेली गरुडमुद्रा मात्र बहुधा अस्सल असावी, दुसऱ्या एखाद्या खऱ्या ताम्रपटावरून काढून ती येथे जोडली असावी, असे त्यांचे मत पडले. मग खोटेपणा उघडा कसा पडला? व्याकरणाने. समुद्रगुप्ताची विशेषणे षष्ठी विभक्तीत आणि त्याचे नाव प्रथमेत! समुद्रगुप्ताच्या वारसाच्या लेखात ‘अशा अशा समुद्रगुप्ताचा पुत्र’ असे येते, तिथे षष्ठी शोभते. नक्कल करणाऱ्याने तो मजकूर उचलला, नाव बदलले आणि विभक्ती बदलायला विसरला. पुढे काही अभ्यासकांनी या ताम्रपटाची बाजूही घेतली, तो वाद येथे नको. आपल्या कामाचा भाग एवढाच की, मुद्रेवरून ताम्रपट खरा ठरत नाही.

आमच्या हातून नेमके हेच घडले होते. आम्ही मुद्रा पाहिली. तीन सिंहांचे चित्र कोणत्याही सरकारी पानावरून एका क्षणात उचलता येते. रंग, अक्षरे, मंत्र्यांची छायाचित्रे, तळाशी असलेला ‘सर्व हक्क सुरक्षित’ हा मजकूर, किंबहुना संपूर्ण पानच्या पान जसेच्या तसे उतरवून घेण्यास जाणत्या माणसाला काही मिनिटे पुरतात. संकेतस्थळाचे नाव वर्षभरासाठी घ्यायला काहीशे रुपये लागतात. त्यामुळे ‘दिसायला किती व्यवस्थित होते’ हा पुरावा धरता येत नाही. पूर्वी अशुद्ध भाषेवरून, वेड्यावाकड्या मांडणीवरून खोटे पान ओळखू येई. आता संगणकच नीटनेटका मजकूर लिहून देत असल्याने ती खूणही भरवशाची उरलेली नाही.

पत्ता उजवीकडून वाचावा

मग काय पाहायचे? पानाच्या वर असलेल्या पट्टीतील पत्ता. मोबाइलवर तो पूर्ण दिसत नाही, बोटाने स्पर्श केल्यावर उलगडतो, आणि बहुतेक जण तो कधीच उलगडून पाहत नाहीत.

टपालाचे पाकीट डोळ्यांसमोर आणा. त्यावर आधी नाव, मग गल्ली, गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा व पिनकोड. टपाल खाते ते शेवटाकडून वाचते. जिल्हा चुकला तर गावाचे नाव कितीही ओळखीचे असले, तरी पत्र भलतीकडे जाते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. पत्त्यात पहिली तिरपी रेघ जिथे येते (सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडून), तिथे थांबावे आणि तेथून डावीकडे मागे यावे. रेघेच्या लगतचे शेवटचे दोन किंवा तीन शब्द म्हणजे त्या जागेचा खरा मालक. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो.

उदाहरणार्थ, ‘स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन’ हे राष्ट्रीय शिष्यवृत्तीचे स्थळ आहे. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे आणि तो शेपूट फक्त शासकीय यंत्रणांनाच मिळतो. आमच्या मुलांचे अर्ज जिथे भरले जातात, ते ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हेही तसेच. आता हा काल्पनिक पत्ता पाहा : ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट अर्जभरा डॉट ऑनलाइन’. यात महाराष्ट्र आहे, गव्ह आहे, इन आहे. परंतु उजवीकडून वाचले की मालक निघतो ‘अर्जभरा डॉट ऑनलाइन’, आणि तो कोणीही असू शकतो.

अक्षरांचीही फसगत असते. इंग्रजीतील लहान ‘आर’ व ‘एन’ जवळजवळ लिहिले की ‘एम’ भासतो. लहान ‘एल’ आणि एक हा अंक सारखे दिसतात. रशियन लिपीतील ‘अ’ इंग्रजी ‘ए’ म्हणून खपून जातो. कधी नुसते एक अक्षर गाळलेले असते. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाला जाहीर सूचना काढावी लागली, कारण न्यायालयाच्या नावाने कोणी बनावट संकेतस्थळ उभारून त्यावर ‘मनी लाँडरिंग’च्या गुन्ह्याच्या शीर्षकाखाली लोकांची वैयक्तिक माहिती व बँकेचा तपशील मागत होते. खरा पत्ता ‘एससीआय डॉट गव्ह डॉट इन’. खोट्यात होते ‘एससीआयजीव्ही डॉट कॉम’. एक टिंब गेले, एक ‘ओ’ गेला आणि शेवटी ‘कॉम’ आले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची नक्कल करण्यास जे कचरले नाहीत, ते आपल्या जिल्हा परिषदेची भीड बाळगतील, असे समजू नये.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ‘गव्ह डॉट इन नसेल तर खोटे’ असा सोपा नियम आम्ही प्रथम वर्गात सांगितला होता, आणि आठवीतल्या एका मुलाने दुसऱ्याच दिवशी तो मोडून दाखवला. त्याने विचारले, “सर, लाइटबिल खोटे आहे का?” महावितरणचे अधिकृत स्थळ ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे. रेल्वेच्या तिकिटांचे ‘आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’. विद्यापीठे व महाविद्यालये ‘एसी डॉट इन’ वापरतात. म्हणजे प्रत्येक संस्थेचा खरा पत्ता एकदा विश्वसनीय ठिकाणाहून, छापील देयकावरून, पासबुकावरून किंवा कार्यालयातील फलकावरून, उतरवून ठेवणे याला पर्याय नाही. बँकांपुरते मात्र काम सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या खास शेपटावर येण्यास सांगितले. तो शेपूट बँकांखेरीज कोणालाही मिळत नाही. आपल्या बँकेचा नवा पत्ता पुढच्या खेपेस शाखेत गेल्यावर विचारून घ्यावा.

पत्त्याशेजारच्या कुलपाविषयी फार गैरसमज आहे. ‘कुलूप आहे म्हणजे सुरक्षित’ असे अनेक सुशिक्षित माणसेही सांगतात, आम्हीही सांगत असू. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की, तुमचा मोबाइल आणि ते स्थळ यांच्यामधली वाट बंदिस्त आहे, मध्येच कोणी वाचू शकत नाही. पाकीट डिंकाने चिकटवलेले आहे, पण ते कोणाच्या हाती पडणार, हे डिंक सांगत नाही. असे कुलूप आता विनामूल्य मिळते आणि बहुतेक ठगांकडेही ते असते. गूगलने आपल्या क्रोममधून २०२३ साली कुलपाचे ते चिन्ह काढून टाकले, त्यामागे हा गैरसमज हेही एक कारण होते.

मागणी काय आहे ते पाहावे

पत्ता हे बाह्य परीक्षण झाले. आता आतील मजकुराकडे येऊ. येथे भाषा किती शुद्ध आहे, यापेक्षा पान आपल्याकडे काय मागते, हे पाहणे अधिक उपयोगी पडते.

आमच्या समाजातील कुटुंबांना सर्वाधिक झळ नोकरी, शिष्यवृत्ती व प्रवेश यांच्या बनावट स्थळांची बसते. याचे कारण उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेले दार उघडण्याची आशा जिथे असते, तिथे पाचशे रुपये अडसर वाटत नाहीत. शासकीय शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, ती मंजूर करण्यासाठी वा खात्यात जमा करण्यासाठी शासन विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही. सेवा केंद्रचालक अर्ज भरून देण्याचे त्याचे शुल्क घेईल, ती निराळी बाब. नोकरीच्या परीक्षेचे शुल्क मात्र खरेच असते आणि ठगाला त्याचाच आधार मिळतो. फरक पुढच्या पायरीवर दिसतो. खऱ्या भरतीत निवड झाल्यावर पडताळणीचे, प्रशिक्षणाचे, गणवेशाचे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे मागितले जात नाहीत, आणि परीक्षा वा मुलाखतीवाचून निवडही सहसा होत नाही. शिवाय खऱ्या जाहिरातीला क्रमांक व दिनांक असतो आणि ती त्या खात्याच्या मूळ स्थळावर सापडते. पैसे कोणाच्या नावे जातात, हेही पाहावे. शासकीय शुल्क एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर जात असेल तर तेथेच थांबावे.

पदव्यांचा बाजार हा याचाच चुलतभाऊ. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करत असतो आणि तीत आपल्या नागपूरचेही एक नाव आहे. प्रवेशाआधी ती यादी पाहण्यास दोन मिनिटे लागतात. पदवी निरुपयोगी असल्याचे नोकरीच्या पडताळणीत कळण्यापेक्षा ती दोन मिनिटे स्वस्त.

दुसरा एक प्रकार पूर्ण खोटा नसतो, म्हणून अधिक चकवतो. पारपत्र काढून देतो असे सांगणारी अनेक स्थळे आहेत. नावात ‘पासपोर्ट’ व ‘इंडिया’ दोन्ही असतात, अर्जही हुबेहूब असतो, आणि अपॉइंटमेंटसाठी अवाच्या सवा पैसे घेतले जातात. परराष्ट्र मंत्रालयाने अशांची नावे देऊन सावध केले आहे. खरे स्थळ एकच : ‘पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन’. परदेशी शिष्यवृत्तीसाठी पारपत्र काढणारी आमची मुले आता वाढत आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ताम्रपट बनावट केव्हा होत? जमिनीचा तंटा उभा राहिला की. ठगाची संकेतस्थळेही मोसम पाहून उगवतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली, मुदत जाहीर झाली आणि तिच्या नोंदणीची बनावट स्थळे निघाली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली आणि महिलांचे आधार व बँक तपशील गोळा करणारी खोटी पाने फिरू लागली. दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा, शिष्यवृत्तीची अंतिम तारीख, यात्रेचे दिवस, सर्वत्र हीच तऱ्हा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा व यात्रेकरूंची निवासस्थाने यांच्या बनावट आरक्षणाबाबत इशारा दिला. बोधगया, सारनाथ, कुशीनगरला सहल नेणाऱ्या मंडळांनी धर्मशाळेचे आगाऊ आरक्षण करताना त्यातून बोध घ्यावा. तेथे पोहोचलेल्या ओळखीच्या माणसाकडून क्रमांक मिळवावा, शोधयंत्रात सापडला म्हणून नव्हे.

शोधयंत्राचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे. शोधाच्या उत्तरात सर्वांत वर जे येते, ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. ग्राहक सेवेचा क्रमांक शोधताना सर्वाधिक फसगत येथे होते. माणूस स्वतःहून ठगाला फोन करतो आणि स्वतःहून केला म्हणून निर्धास्त असतो. समोरचा मग स्क्रीन दाखवणारे अॅप घ्यायला लावतो किंवा ‘रक्कम परत पाठवतो, पिन टाका’ म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. बँकेचा क्रमांक एटीएम कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच लावावा.

स्वस्त वस्तूंच्या बनावट दुकानांबद्दल फार लिहीत नाही. पाच हजारांचा मिक्सर चारशेला, पैसे आधी, दुकानाचा पत्ता नाही, एवढे पुरे. ‘आपल्या मोबाइलमध्ये तेरा व्हायरस आहेत’ असे ओरडणारी पाने नुसती बंद करावीत. ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल मुळीच उघडू नये. ती पत्रिका नसून अॅप असते आणि ते तुमचे ओटीपी वाचू लागते.

गुंतवणुकीच्या स्थळांविषयी मात्र थांबून सांगणे भाग आहे, कारण त्यात हजार-दोन हजार नव्हे, निवृत्तीची रक्कम जाते. सेवानिवृत्त शिक्षक आणि परिचारिका यांना याची विशेष धास्ती असावी. प्रथम एका गटात घेतले जाते. तेथे इतर सदस्य रोजच्या नफ्याची चित्रे टाकत असतात, आणि हे सदस्य ठगाचेच असतात. मग एक संकेतस्थळ वा अॅप दिले जाते. पाच हजार भरले की दोन दिवसांत सहा हजार दिसतात. त्यांतले हजार काढूही देतात, आणि विश्वास बसतो तो येथेच. मग पन्नास हजार, दोन लाख. पडद्यावरची रक्कम फुगत जाते. ती काढायला गेले की आधी कर भरा, मग शुल्क भरा, मग दंड भरा. वस्तुतः त्या पडद्यावरचा आकडा फळ्यावर खडूने लिहिलेल्या आकड्याइतकाच खरा असतो, ज्याच्या हाती खडू तो पुसून वाटेल ते लिहील. शेअर बाजारातील मध्यस्थ नोंदणीकृत आहे की नाही, हे सेबीच्या स्थळावर, आणि ठेवी घेणाऱ्या संस्थेला परवानगी आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या स्थळावर पाहता येते. ‘हॉटेलला तारे द्या, दिवसाला दीडशे रुपये मिळवा’ ही घरबसल्या कामाची जाहिरात याच मार्गाने जाते, फक्त तिचे लक्ष्य महाविद्यालयीन मुले असतात.

ज्यांना थोडी अधिक खटपट जमते, त्यांच्यासाठी आणखी एक साधन आहे. ‘हू-इज’ नावाच्या सेवेत संकेतस्थळाचे नाव टाकले की ते केव्हा नोंदले गेले, हे बहुधा दिसते. ‘१९९८ पासून आपल्या सेवेत’ म्हणवणारे स्थळ तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेले निघाले, तर विभक्ती सापडली असे समजावे.

फसवणूक झालीच तर

पहिला तास महत्त्वाचा. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तक्रार मिळताच पैसे ज्या ज्या खात्यांत गेले असतील, तेथे ते अडवण्याचा प्रयत्न केला जातो. ठग रक्कम काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फिरवतो, त्यामुळे ‘उद्या सकाळी बघू’ म्हटले की हाती काही लागत नाही. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून कार्ड व खाते थांबवावे. लेखी तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथे नोंदवावी. व्यवहार क्रमांक, पानाची पत्त्यासह छायाचित्रे व संदेश पुसून टाकू नयेत. रागाच्या भरात पुष्कळ जण आधी ते पुसतात. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळाल्यास शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तीन महिने उलटून गेले होते. तक्रार नोंदवली, आम्ही सोबत गेलो, परंतु रक्कम परत मिळाली नाही. उलट महिनाभरातच तिला दुसरा फोन आला : तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी एक हजार रुपये भरा. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, हे आम्हाला तेव्हा कळले. या वेळी तिने आधी आम्हाला फोन केला.

उरलेल्या सहा जणांची नावे आम्हाला गट चाळून शोधावी लागली. प्रत्येकाने सुरुवातीला ‘नाही सर, मी नव्हतो भरला’ असेच सांगितले. ५९० रुपयांपेक्षा फसल्याची लाज मोठी असते. शिकलेल्या माणसाला ती अधिक असते, आणि घरातला पहिला शिकलेला असेल तर विचारूच नका. पालकांना आमची एवढी विनंती आहे की, मुलाने असे काही सांगितले तर त्या घटकेला रागावू नये. रागावण्यात जी दहा मिनिटे जातात, त्यांत १९३० चा फोन लागतो.

आता आमच्या माजी विद्यार्थी गटावर आम्ही लिंक पाठवत नाही. भरतीची वा शिष्यवृत्तीची बातमी आली की खात्याचे नाव, जाहिरात क्रमांक, दिनांक व अंतिम तारीख एवढेच लिहितो. पत्ता ज्याचा त्याने स्वतः टाकून मूळ जाहिरात काढावी. इतरांनी पाठवलेली लिंक गटप्रमुख काढून टाकतात. यामुळे दोन-तीन जण रुसले, एक तर गट सोडून गेला. त्याने पाठवलेली लिंक खरी होती, हे आम्ही नंतर पाहिले आणि त्याला फोन करून तसे सांगितलेही. नियम मात्र बदललेला नाही. ज्यांना शोधता येत नाही, त्यांनी शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळेत शाळेच्या संगणक कक्षात यावे. येताना आधार क्रमांकाशी जोडलेला मोबाइल सोबत आणावा आणि त्यावर आलेला ओटीपी आम्हालाही सांगू नये, स्वतःच्या हाताने टाकावा.